थोरला, मधला, धाकटा आणि एक बेवारस गाणं

रविवार, १ फेब्रुवारी

संग्रह पूर्ण झाला. वाक्य लिहायला सोपं आहे, करायला अकरा वर्षं लागली.

आजपासून दैनंदिनी लिहितो आहे. हे सगळं एका माणसानं, कुणाकडेही न शिकता, चष्म्याच्या काचा घासता घासता कसं उभं केलं, असं पुढेमागे कुणी विचारलं तर उत्तर तयार असावं. अजून कुणी विचारलेलं नाही.

व्यवस्था अशी. गाणी कोठारात राहतात. कोठार म्हणजे माझ्या टेबलाच्या खणातली मोठी हार्ड डिस्क. तिथून ती तीन प्लेअरवर जातात. थोरला माझ्या खिशात असतो, मधला दुकानात, आणि धाकटा स्वयंपाकघरात, सौ.साठी. प्रत्येक गाण्याला कलावंत, वर्ष, ठिकाण आणि साथ असे रकाने आहेत, आणि एकही रकाना रिकामा नाही. लोक म्हणतात, गाणं ऐकायला एवढं कशाला लागतं? असेच लोक डोळ्यांना येईल तो चष्मा लावतात आणि मग डोकं दुखतं म्हणून डॉक्टरकडे जातात.

दर रविवारी तिन्ही भावंडांना तारेनं कोठाराला जोडतो. याला मी जुळणी म्हणतो. प्लेअरवर नियमात न बसणारं काही आढळलं, तर ते आपोआप कोठारातल्या ‘छाननी’ नावाच्या फोल्डरमध्ये जातं आणि प्लेअरवरून पुसलं जातं. पण माझ्याशिवाय कुणी त्यात काही घालतच नाही, त्यामुळे छाननी कायम रिकामी असते.

धाकट्याला एक खोड आहे. त्याची बॅटरी पार उतरू दिली की त्याच्या पोटातलं घड्याळ थेट १ जानेवारी १९७० वर जाऊन बसतं. सौ.ला कितीदा सांगितलं, बॅटरी उतरू देऊ नकोस. ती ‘बरं’ म्हणते. आजही १९७०च होतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सौ.चं वाचन वाढलंय. सकाळचं दवाखान्यातलं नोंदणीचं काम संपलं की मंगळवारी आणि गुरुवारी वाचनालयात जाते. पुस्तकं मात्र घरी आणलेली दिसत नाहीत. तिथंच वाचत असावी. घसाही धरलाय तिचा, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गुळण्या करते. वाचनालयात धूळ फार.

संध्याकाळी साडूभाऊ टपकले. हा गृहस्थ फोनवर गाणी ऐकतो. गाणी त्याच्याकडे नसतातच, नळाला पाणी यावं तशी ती कुठूनतरी येतात, आणि मध्येच साबणाची जाहिरात.

“काय राव, झाला का तुमचा संग्रह? ऐकायला कधी सुरुवात?”

मी नुसता हसलो. मग त्यांना एक जुनं गाणं ऐकवायचं होतं, तर त्यांच्याच फोनमध्ये त्यांनाच सापडेना. पाव तास बोट घासत बसले. मी म्हटलं, “काखेत कळसा आणि गावाला वळसा.” सौ. आतून हसली. तिला माझे विनोद कळतात.

तिलाही एके काळी गुणगुणायची सवय होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी तिला सांगितलं, की दुसरा स्वर तू किंचित खाली लावतेस, केसभर. तिनं ते मनावर घेतलं आणि त्यानंतर पुन्हा कधी गुणगुणली नाही. नेमक्या टीकेचा असा परिणाम होतो. नाहीतर लोक जन्मभर चुकीचं गात राहतात.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मोठा दिवस. बंद पडलेल्या एका स्टुडिओतले तंत्रज्ञ वारले, त्यांच्या मुलानं घर आवरताना एक हार्ड डिस्क काढली. “काका, टाकूनच देणार होतो, तुम्ही असलं काही जमवता ना?” असलं काही! मी ती रुमालात गुंडाळून घरी आणली. आत शेकडो फाइली. एकीलाही नाव नाही, नुसते आकडे. सगळ्या आजच कोठारात ओतल्या. एकेकीला नाव द्यायचं आहे. मला आनंदानं जेवण गेलं नाही.

सौ.नं मला आणि कन्येला विचारलं, “रविवारी दुपारी तुम्ही दोघं बाहेर आहात ना?”

मी म्हटलं, मी कुठं जाणार, मी आता घरीच. “बरं,” म्हणाली.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज घाईनं लिहितो आहे, अक्षर वाकडं आलंय.

जुळणी केली, आणि नंतर कोठार चाळताना छाननीत एक फाइल दिसली. नाव नाही, नुसते आकडे. परवा सगळं ओतताना त्या स्टुडिओच्या डिस्कवरची एखादी वाट चुकून इथं आलेली असणार. सहज लावली.

एका बाईचा आवाज. साथ नाही, वाद्य नाही, ठेका नाही. गाणं मी कधीही ऐकलेलं नाही. दिवा विझवून वाट पाहणाऱ्या कुणाचं आहे. पण शब्दांचं सोडा. आवाज असा, की खुर्चीतून उठून मी दार लावून घेतलं. का, ते सांगता येणार नाही. कुणी ऐकू नये असं वाटलं.

फाइलवरची तारीख पाहिली. १ जानेवारी १९७०.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सगळ्या सूच्या पाहिल्या. छापील, हस्तलिखित, आमच्या जुन्या गाण्यांच्या मंडळाची, शत्रुपक्षाची. गाणं कुठंही नाही. जे कुठल्याच सूचीत नाही ते दुर्मिळ. इतकं सरळ आहे हे.

हेडफोन लावून बारकाईनं ऐकलं. निष्कर्ष असे. मागं दोनदा लांबून शिट्टी येते, वाफेची, चढत जाणारी. म्हणजे स्टुडिओ रेल्वे यार्डाला लागून होता. मध्ये एकदा पाणी पडल्याचा आवाज आहे, छत गळत असणार. जानेवारीत पाऊस कसा, यावर विचार चालू आहे. शेवटच्या ओळीला गायिका जरा घाई करते, कारण त्या काळी तबकडीवर जागा मोजकी असायची. आणि अगदी अखेरीस एक ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो. हे माइकचं बटण. या बटणावर मी अर्धं पान लिहिलं आहे. असा भरीव ‘टक्’ हल्लीच्या बटणांना येत नाही.

गायिका कोण? वय पंचेचाळीसच्या पुढचं. शिकलेली, मग बरीच वर्षं न गायलेली, आणि पुन्हा गाऊ लागलेली. हे मी केवळ श्वासावरून सांगू शकतो. असा कान तयार व्हायला तपश्चर्या लागते.

मंगळवार, १० फेब्रुवारी

सकाळी सौ. धाकटा हातात घेऊन आली.

“अहो, यावरचं काही पुसलंत का तुम्ही?”

“रविवारी जुळणी झाली. का?”

“माझं काहीतरी होतं त्यावर.”

“तुझं? त्यावर तुझं काय असणार?”

तिनं धाकटा पदराला पुसला. मग म्हणाली, “काही नाही,” आणि आत गेली. पाककृती वगैरे काहीतरी बोलून ठेवलं असेल. त्या प्लेअरला रेकॉर्डिंगचं एक बटण आहे खरं, पण ते किती हलक्या दर्जाचं आहे हे मी तिला प्लेअर देतानाच सांगितलं होतं.

घसा अजून बरा नाही. मी म्हटलं, वाचन कमी कर.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

मंडळाचे अध्यक्ष आले होते. घरभर तबकड्या, म्हणून सगळे त्यांना तबकडीकाका म्हणतात, तोंडावर अध्यक्षमहाराज. गाणं ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं, संपल्यावरही उघडेनात. मला वाटलं झोपले.

“हिला मी ऐकलंय,” ते म्हणाले.

“प्रत्यक्ष?”

“तरुण होतो. एका छोट्या सभागृहात. उंच बाई, अंगावर करडी शाल. गाऊन झालं की कुणाशी न बोलता निघून जायची.”

मी शाल टिपून घेतली. एकविसाला मंडळाच्या बैठकीत जाहीर वादन ठरलं. प्रबंध मी वाचायचा.

दुकानातून महिनाअखेरपर्यंत रजा काढली. मालक म्हणाले, “तब्येत?” मी म्हटलं, संशोधन. त्यांनी दोन्ही एकच समजून मान डोलावली.

सौ.ला सांगितलं की आता महिनाअखेरपर्यंत मी घरीच आहे. तिच्या हातातून वाटी सुटली. आनंद माणसाला कसाही होतो.

शनिवार, १४ फेब्रुवारी

साडूभाऊंना शोधाची कुणकुण लागली. आले, ऐकलं, आणि नेहमीप्रमाणे खोडा.

“तारीख यंत्राची चुकलेली असेल हो. माझ्या जुन्या फोनवर असंच यायचं.”

मी त्यांना समजावलं की तारखा चुकतात त्या स्वस्त खेळण्यांच्या. हे स्टुडिओचं आहे. मग जाता जाता म्हणाले, “आवाज ओळखीचा वाटतो पण.” ज्याला सगळेच आवाज साबणाच्या जाहिरातीत ऐकू येतात, त्याला ओळखीचा वाटणारच.

रविवार, १५ फेब्रुवारी

चोरीचा बंदोबस्त केला. मंडळात असे लोक आहेत की खिशातल्या खिशात रेकॉर्ड करतील आणि उद्या आपलं म्हणून मिरवतील. म्हणून गाण्याच्या ऐन मध्यावर माझ्या आवाजात एक सूचना बसवली: “हे दुर्मिळ ध्वनिमुद्रण काचवाले यांच्या खासगी संग्रहातून.” मंडळात मला काचवाले म्हणतात. सूचना अशी विणली आहे की काढायला गेलं तर गाणं फाटेल. दोन्ही शिट्ट्या जमतील तेवढ्या पुसट केल्या. मग शिरस्त्याप्रमाणे मूळ फाइल पुसून टाकली. एका गाण्याच्या दोन प्रती ठेवणं म्हणजे अव्यवस्थेला आमंत्रण. प्रत कुणालाही द्यायची नाही, असा नियमही करून भिंतीवर लावला.

बुधवार, १८ फेब्रुवारी

प्रबंधाची नऊ पानं झाली. घरात शांतता उत्तम. सौ. दर तासाला दारातून डोकावते. “कुठं बाहेर जाणार आहात का? जरा पाय मोकळे करून या ना.” माझ्या प्रकृतीची इतकी काळजी तिनं कधी केली नव्हती. मी म्हटलं, काम संपल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही.

दुपारी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात माय-लेकींचं बोलणं चाललं होतं.

“पुन्हा कर ना गं आई. त्यात काय एवढं?”

“घर रिकामं होतं म्हणून जमलं. आता हे दिवसभर भिंतीपलीकडं. माझा आवाजच निघत नाही. आणि अठ्ठावीस तारीख शेवटची.”

“मग बाबांना सांग सरळ.”

“काय सांगू? म्हणजे पुन्हा केसभर खाली?”

मी आत गेलो. कसलातरी अर्ज भरायचा असावा. मी म्हटलं, अठ्ठावीसला वेळ आहे, घाईनं केलेलं काम चुकतं. कन्या म्हणाली, “बाबा, ते गाणं तुम्ही खरंच ऐकलंत का हो?”

“ऐकलं? नऊ पानं लिहिलीत त्याच्यावर.”

तिनं कपाळावर हात मारला. परीक्षा जवळ आल्या की मुलं चिडचिडी होतात.

रविवार, २२ फेब्रुवारी

काल विजय झाला.

मंडळाचं सभागृह म्हणजे एका छापखान्याचा वरचा मजला. नेहमी सात-आठ टाळकी असतात, काल खुर्च्या कमी पडल्या. चहाचा मोठा थर्मास उचलायला हवा होता म्हणून सौ.ला आणि कन्येला सोबत नेलं होतं. दोघी मागच्या रांगेत बसल्या.

मी प्रबंध वाचला. रेल्वे यार्डाला टाळ्या मिळाल्या. मग दिवे मंद करून गाणं लावलं. कुणी हललं नाही. ज्यांना दम्याचा त्रास आहे तेही खोकले नाहीत. ऐन वरच्या स्वराला माझी सूचना आली तेव्हा काही जण दचकले, पण तो हेतूच होता. संपल्यावर अध्यक्षमहाराज उठून उभे राहिले आणि त्यांनी शालीची हकिकत सांगितली. आता तिच्यात एक टांगाही आला आहे. दुसऱ्या एका सभासदाला आठवलं की त्याच्या मामांचं तिच्याशी लग्न होता होता राहिलं. तिसरा म्हणाला, ती तरुणपणीच गेली. मी म्हटलं, आवाज पंचेचाळीसच्या पुढचा आहे. तो म्हणाला, मग त्यानंतर गेली.

सौ. कुठं दिसेना. जिन्यात उभी होती, कठड्याला धरून. चेहरा लाल. गर्दीत गुदमरलं असेल.

घरी येताना वाटेत तिनं विचारलं, “लोकांना आवडलं?”

“आवडलं? अध्यक्ष रडले.”

“आणि तुम्हाला?”

मी तिला सविस्तर सांगितलं. श्वास कसा टिकतो, शब्द कसा सोडते, आणि कुणाला ऐकवायचं नाही असं गाते म्हणून कसं आत जातं. माझ्याकडून सहसा असं बोलणं होत नाही. ती खाली बघून चालत होती.

“आणि दुसरा स्वर?” ती म्हणाली.

आश्चर्य वाटलं. इतक्या वर्षांत तिनं संगीतातला प्रश्न कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, “लख्ख. केसभरही खाली नाही.”

तिनं रस्त्यात मध्येच थांबून मोठा श्वास घेतला. मग म्हणाली, “त्याची एक प्रत मला द्याल? तुमचा आवाज नसलेली?”

मला वाईट वाटलं, पण नियम घरापासूनच मोडू लागलो तर दाराबाहेर कोण पाळणार? मी म्हटलं, तशी प्रत आता जगात नाही, आणि जी आहे ती कुणालाच द्यायची नाही. तुला हवं तेव्हा माझ्यासमोर बसून ऐक.

कन्या पुढं चालत होती. ती वळली, काहीतरी बोलणार होती. सौ.नं तिचा हात दाबला.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सकाळी प्रबंधाचा परिशिष्ट भाग. इंजिनाच्या शिट्टीचा नेमका सूर काढायचा होता. मी शिट्ट्या पुसट केल्या होत्या, तरी पहिलीचा सूर लागत होता. मोठ्या स्पीकरवर लावलं. शिट्टी आली. मी सूर धरला. गाणं थांबवलं. शिट्टी चालूच.

कुकरची होती. आतून.

तोच सूर. मी पडताळून पाहिला. पहिला विचार असा आला, की कुकर बनवणाऱ्यांनी इंजिनाच्या शिट्टीवरून सूर बेतलेला असू शकेल, आणि हे परिशिष्टात घालण्याजोगं आहे. तसं अर्धं वाक्य लिहिलंही. तेवढ्यात दुसरी शिट्टी झाली, तशीच लांब, तशीच चढत जाणारी. कामात व्यत्यय नको म्हणून सांगायला स्वयंपाकघरात गेलो. सौ. ओट्याशी पाठमोरी होती. माझी चाहूल लागताच तिनं हात पुढं केला आणि गॅस बंद केला.

टक्.

बुधवार, २५ फेब्रुवारी

काल पुढं लिहिता आलं नाही.

त्या ‘टक्’वर माझं अर्धं पान आहे.

आज पुन्हा सगळं तपासलं. चुकत असेन तर बरं, असं वाटत होतं. धाकट्याची तारीख पाहिली. पाणी म्हणजे नळ. शेवटच्या ओळीची घाई म्हणजे तिसरी शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायचा होता. सगळं जुळतं. अशी जुळणी मला आयुष्यात साधली नव्हती.

दुपारी अध्यक्षांकडे जाऊन शोध मागं घेतला. म्हटलं, माझ्याकडून चूक झाली आहे, हे जुनं नाही, हे माझ्या घरातलं आहे.

“काचवाले,” ते म्हणाले, “तुम्ही फार लीन आहात.”

“अहो, ती माझी बायको आहे.”

“असं होतं. चांगला आवाज ऐकला की आपल्याच माणसाचा वाटतो.”

“तिला शाल नाही, टांगा नाही.”

“टांगा मी या डोळ्यांनी पाहिलाय!” एवढे चिडले की बाहेरच्या खोलीतून सूनबाई पाणी घेऊन धावत आल्या. मंडळाच्या वार्षिक अंकात प्रबंध छापून येणारच आहे, गायिका अज्ञात म्हणून. आता हिचं स्मारक उभारलं नाही म्हणजे मिळवली.

साडूभाऊंना हे कळलं तर काय होईल, याचा विचार केला. मग लक्षात आलं, त्यांना आवाज ओळखीचा वाटला होता. अकरा दिवसांपूर्वी. साबणासकट.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

दोन दिवस तोंड उघडायला जमलं नाही. आज सौ. कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा समोर बसलो. एक उशीचा अभ्रा घेतला आणि घडी घातली. तिनं तो माझ्या हातातून घेऊन पुन्हा घातला.

“ते गाणं,” मी म्हटलं. “वाचनालयातलं आहे?”

“तिथल्या बाईंनी रचलंय. वरच्या हॉलमध्ये आम्ही बारा-पंधराजणी गातो. कार्यक्रम आहे. त्यातलं एक गाणं एकटीनं गायचं, कुणी गायचं ते रेकॉर्डिंग ऐकून ठरवणार.”

“आणि शेवटची तारीख उद्या.”

“हो.”

“मूळ पुसलंय मी.”

“माहीत आहे. मंडळात ऐकलं की. मी वर चढते, आणि ऐन तिथं तुम्ही येता, पत्ता सांगत.”

“मला कळलं नाही तुझा आवाज आहे ते.”

“कळेल कसा? वीस वर्षांत ऐकलात कुठं?” ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, बाजारात काय स्वस्त आहे ते सांगावं तसं. मग हसली. “आणि कळलं नाही तेच बरं झालं. नाहीतर लख्ख म्हणाला नसतात.”

मी म्हटलं, उद्या मी रेकॉर्ड करून देतो. चांगला माइक आहे, स्टँड आहे, खोलीत गोधड्या टांगू, कुकर बंद ठेवू.

“काही नको. धाकट्यावरच करीन, ओट्याशी उभी राहून. कुकर लावूनच. त्याच्या धाकानं ताल राहतो.”

“मग मी काय करू?”

तिनं विचार केला. “तुम्ही दाराबाहेर उभे राहा. बेल वाजू देऊ नका.”

शनिवार, २८ फेब्रुवारी

सकाळी धाकटा पूर्ण भरून दिला. तारीख लावली. जुळणीचा नियम त्याच्यापुरता काढून टाकला. भिंतीवरचा कागदही काढला, भिंतीवर चौकोन राहिलाय.

मग चपला घालून दाराबाहेर उभा राहिलो. बेलवर तळहात ठेवला. आत कन्येनं दार लावून घेतलं. शेजारचे वकील जिना उतरत होते. म्हणाले, “बाहेर काढलं वाटतं?” मी मान हलवली. “होतं असं,” म्हणाले आणि टाचा न वाजवता गेले. अनुभवी माणूस.

तेवढ्यात खालून साडूभाऊ. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, फोनमधून गाणं. मी ओठांवर बोट ठेवलं. दुसरा हात बेलवरच होता. त्यांनी फोन बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा.

“काय चाललंय आत?” कुजबुजले.

“ध्वनिमुद्रण.”

“कुणाचं?”

“दुर्मिळ आहे,” मी म्हटलं.

ते पायरीवर बसले. मी उभाच. आतून आवाज यायला लागला. हेडफोन नाही, स्पीकर नाही, मध्ये एक लाकडी दार, आणि माझा तर एकच कान दाराकडे. त्यातला कुठला भाग कसा झाला, हे मी सांगू शकत होतो. एक शिट्टी झाली. सौ. वरच्या स्वराला चढली. या वेळी मध्ये कुणी आलं नाही. साडूभाऊंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी छातीशी धरून तसेच बसून राहिले. दुसरी शिट्टी झाली. मग शेवटची ओळ, जरा घाईत. मग टक्.

दार तिनंच उघडलं. कपाळावर घाम, पदराला हात पुसत होती.

“झालं?”

“झालं.” मग माझा चेहरा पाहून बोट उगारलं. “आता काही सांगू नका हं.”

नाही सांगितलं. धाकटा तिनं पिशवीत टाकला आणि स्वतः वाचनालयात नेऊन दिला. कोठारासाठी मी प्रत मागितली नाही.

दुसऱ्या स्वराबद्दल मला एक गोष्ट माहीत आहे. ती इथंही लिहीत नाही.